जुन्या टर्बो डिझेल गाडीचा दम कां जातो ?

घोडबंदर रस्त्यानें ज्यांस मालाची गाडी वरचेवर न्यावी लागते, त्यांस गायमुखचा घाट नव्यानें सांगावयास नको. ठाण्यास कापूरबावडीपासून निघालेला हा रस्ता मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळें या एकेकाळच्या भातशेतीच्या गांवांवरून पश्चिमेस जातो. डाव्या हातास येऊरचा डोंगर व उजव्या हातास वसईची खाडी चालत येतात, आणि गायमुखाशीं त्या दोहोंमधील जागा इतकी अरुंद होते कीं, रस्त्यास डोंगराच्या अंगावर चढण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. पुढें तो घोडबंदराजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. वसई-पालघरकडील शेतकऱ्यास ठाण्याच्या बाजारीं माल न्यावयाचा तर हीच जवळची वाट, आणि तिकडून खत, बियाणें, पंप, पाइप आणावयाचे तरी हीच.

घाट लांबीनें थोडा आहे. परंतु भरलेल्या गाडीची परीक्षा पाहावयास तो पुरेसा आहे. सपाटीवर जी गाडी नीट धांवते, तीच या चढावर लागली कीं, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर येते, मागें अवजड वाहनांची रांग लागते, आणि गाडीवाला म्हणतो, 'हल्लीं ही ओढत नाहीं.' भाताची झोडणी चालू असतां अगर भाजीचा माल पहांटे बाजारांत पोंचवावयाचा असतां गाडी अशी बसली, म्हणजे दुरुस्तीचा खर्च हा नुकसानीचा लहान भाग ठरतो. उशिरा पोंचलेल्या मालास मिळेल तो भाव घ्यावा लागतो, हा मोठा भाग होय.

अशा वेळीं बहुधा एकच उत्तर कानीं पडतें : 'टर्बो गेला, नवा बसवा.' कधीं कधीं तें खरेंही असतें. तथापि शक्ति कमी होण्याच्या दहापंधरा कारणांत टर्बो हें एकच कारण आहे, तें सर्वांत महाग आहे, आणि टर्बो खरोखर बिघडला असला तरी त्यास बिघडविणारें दुसरें कांहीं तरी असतें. तें तसेंच ठेवून नवा टर्बो बसविल्यास तोही त्याच वाटेनें जातो व कित्येक हजारांचा भुर्दंड दोनदां बसतो. याकरितां जुन्या टर्बो डिझेल गाडीची, विशेषतः चारही चाकांस ओढ असलेल्या 'फोर बाय फोर' गाडीची, तपासणी कोणत्या क्रमानें करावी, त्यांपैकीं मालकास स्वतः काय पाहतां येतें, आणि कोठें थांबून कारागिराकडे जावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणत्या गाड्यांविषयीं

आपल्याकडे चारही चाकें ओढणारी गाडी शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली ती जीपमुळें. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीप पेट्रोलच्या होत्या. पुढें डिझेल इंजिनें आलीं व त्यांवर टर्बो चढला. पुण्यास तयार झालेली टाटा सफारी १९९८ सालीं बाजारांत आली, बोलेरो २००० सालीं व थार २०१० सालीं आली. बोलेरोच्या व पहिल्या थारच्या कांहीं प्रकारांत बसविलेलें २५२३ घन सेंटिमीटरचें, सुमारें ६३ अश्वशक्तीचें साधें टर्बो इंजिन खेडोपाडीं आजही पाहावयास मिळतें. पुढील विवेचनांत आम्हीं अशीं यांत्रिक पंपाचीं साधीं इंजिनें मुख्यतः डोळ्यांपुढें ठेविलीं आहेत. संगणकावर चालणाऱ्या 'कॉमन रेल' इंजिनांविषयीं शेवटीं थोडें वेगळें सांगितलें आहे.

शक्ति कोठून येते

डिझेल जळावयास हवा लागते हें सर्वांस ठाऊक आहे. ती किती लागते हें थोड्यांच्या ध्यानांत असतें. एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा खर्ची पडते, आणि धूर न होतां इंजिन चालावयाचें तर याहून बरीच अधिक द्यावी लागते. वर सांगितलेलें २५२३ घन सेंटिमीटरचें इंजिन दर दोन फेऱ्यांस एकदां आपलें पोट हवेनें भरून घेतें. मिनिटास ३२०० फेरे होत असतां हें भरणें १६०० वेळां होतें. म्हणजे हिशेबानें मिनिटास सुमारें ४००० लिटर हवा. दोनशें लिटरचीं वीस पिंपें दर मिनिटास रिकामीं करावीं, इतकी ही हवा एका फिल्टरांतून व दोन-तीन नळ्यांतून जावयाची असते. एवढ्या ओघाच्या वाटेंत धूळ, पेंढ्याचा तुकडा अगर उंदराचें घरटें आलें तर काय होईल, हें पाटाच्या तोंडाशीं गाळ सांचलेला ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगणें नलगे.

टर्बोची कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यानें १९०५ सालीं पेटंटरूपानें मांडली. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरवावयाचें, व त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकावरील चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावयाची. हवा अधिक गेली म्हणजे डिझेलही अधिक जाळतां येतें, आणि तेवढ्याच आकाराचें इंजिन जास्त ओढतें. हा दांडा पूर्ण भारावर मिनिटास लाखाहून अधिक फेरे करतो व इंजिनाच्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. टर्बोचें काम धुराच्या जोरावर अवलंबून असल्यानें इंजिनांत डिझेल कमी जळलें तर धूर कमी, धूर कमी तर टर्बो मंद, व टर्बो मंद तर हवा कमी, असें चक्र सुरू होतें. सबब टर्बो मंद दिसला म्हणून दोष त्याचाच असें होत नाहीं. दुसरें, ज्या दांड्याचें आयुष्य तेलाच्या थरावर आहे, त्यास तेल न मिळाल्यास तो पाहतां पाहतां जातो.

आधीं गाडी मोकळी आहे काय तें पाहावें

इंजिन उघडण्यापूर्वीं गाडी अडकत तर नाहीं ना, हें पाहावें. बैल दमला म्हणण्याआधीं जोखड व चाकाचा आंस पाहण्याची जी आपली रीत, तीच येथें लागू आहे.

क्लच घसरत असल्यास चढावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग चढत नाहीं, आणि जळकट वास येतो. इंजिन खरोखर दमलें असल्यास आवाजही उतरतो. हा भेद कानानें समजतो व त्यास पैसा लागत नाहीं.

ब्रेक चिकटले आहेत कीं काय हें पाहण्यास सपाट व मोकळ्या जागीं गाडी हळू चालवून न्यूट्रल करावी व ती किती सहज घरंगळते तें पाहावें. मग ब्रेक फारसा न लावतां दोनचार किलोमीटर जाऊन थांबावें, व चाकाच्या मध्याजवळ तळहात न टेकवितां न्यावा. एकाच चाकाची धग अधिक लागली तर तेथें ब्रेक धरतो आहे अगर बेअरिंग गेलें आहे. टायरांतील हवाही याच वेळीं मोजावी.

फोर बाय फोर गाडीस आणखी एक दुखणें असतें. या जुन्या गाड्यांत पुढील व मागील चाकांच्या दांड्यांमध्यें फरक सोसणारी गिअरपेटी नसते. चिखलांत चाकें घसरून फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघूं शकत नाहीं, व पुढील-मागील चाकें एकमेकांशीं झगडूं लागतात. शेतांतून रस्त्यावर आल्यावर दांडी परत टू-व्हीलवर टाकावयाची राहिली, अगर टाकली तरी आंतील जोड सुटला नाहीं, तर वळणावर सुकाणूं जड लागतें व गाडी दाबून धरल्यासारखी चालते. अशा वेळीं दांडी टू-व्हीलवर टाकून गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी; ताण निघाल्यावर जोड बहुधा सुटतो. चारही टायर एकाच मापाचे व साधारण सारख्या झिजेचे असावे, हेंही यासाठींच.

धूर काय सांगतो

गाडी मोकळी आहे अशी खात्री झाल्यावर इंजिनाकडे वळावें, व प्रथम धूर पाहावा. इंजिन तापल्यावर भार असतांना, म्हणजे चढावर, दुसऱ्या माणसास मागून पाहावयास सांगणें उत्तम.

काळा धूर येत असेल तर डिझेल आहे पण त्या मानानें हवा नाहीं. फिल्टर, हवेच्या नळ्या, टर्बो, धूर परत फिरविणारा ई.जी.आर. व्हॉल्व्ह, अगर जास्त डिझेल टाकणारे नॉझल यांकडे पाहावें. धूर मुळींच वाढत नाहीं व तरी गाडी ओढत नाहीं, तर इंजिनास डिझेलच पुरेसें मिळत नाहीं. निळा धूर तेल जळत असल्याची खूण होय. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं क्षणभर आला तर चिंता नको; इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे अगर पाणी आंत शिरत आहे.

येथें एक सोपी गोष्ट सुचवितों. डिझेल गाडीच्या पी.यू.सी. तपासणींत धुराची घनता आंकड्यानें नोंदिली जाते. हे दाखले मुदत संपतांच फेंकून देऊं नयेत, क्रमानें जपावे. मागील दोनतीन दाखल्यांपेक्षां आंकडा एकाएकीं चढला असेल तर हवेचा मार्ग तपासावा. आंकडा उतरला असून ओढही उतरली असेल तर डिझेलचा मार्ग तपासावा.

हवेचा मार्ग

फिल्टर काढून उजेडापुढें धरावा. मळणीच्या दिवसांत भाताचें तूस व पेंढ्याची भुकटी, आणि घोडबंदरसारख्या रस्त्यावर बांधकामांची व खड्ड्यांची बारीक धूळ फिल्टरांत बसते. अशा ठिकाणीं पुस्तकांत दिलेल्या किलोमीटरांची वाट न पाहतां तो लवकर बदलावा. कागदी फिल्टर जोराच्या हवेनें बाहेरून झाडूं नये; धूळ आंत ढकलली जाते व कागद फाटतो. फाटक्या फिल्टरांतून गेलेली धूळ टर्बोच्या चक्राचीं पातीं व पुढें पिस्टनच्या रिंगा झिजविते. फिल्टरच्या डब्याचें तोंड व त्याकडे येणारी नळीही पाहावी. पेंढ्याच्या गंजीजवळ महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडींत उंदरांनीं तेथें घर केलेलें सांपडणें मुळींच दुर्मिळ नाहीं.

टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या व इंटरकूलर हा दुसरा भाग. टर्बोनें दाबलेली हवा येथें गळली तर टर्बोची मेहनत वाऱ्यावर जाते. चढावर फुसफुस आवाज येणें, रबरी नळीच्या जोडावर तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसणें, या गळतीच्या खुणा होत. खड्ड्यांच्या धक्क्यांनीं क्लिपा ढिल्या होतात व नळ्या वळणावर चिरतात. चीर पुष्कळदां खालच्या अंगास असल्यानें वरून दिसत नाहीं. इंजिन बंद व थंड असतां नळी हातानें दाबून वांकवून पाहावी. जुन्या नळीचें आंतील अस्तर सुटून ओघ वाढतांच वाट बंद करतें. बाहेरून अशी नळी नीट दिसते, म्हणून संशय असल्यास ती काढून आंत पाहावें. क्लिप घट्ट करणें अगर नळी बदलणें यांस लागणारा खर्च टर्बोच्या खर्चाच्या शेजारीं मांडण्याजोगाही नाहीं.

डिझेलचा मार्ग

प्रथम अॅक्सिलरेटरची तार. एकानें पायदान पूर्ण दाबावें व दुसऱ्यानें पंपावरील दांडी शेवटच्या अटकावापर्यंत जाते कीं नाहीं तें पाहावें. हें इंजिन बंद ठेवून करावें. तार ताणलेली अगर पायदानाखालीं जाड चटई आलेली असली कीं, दांडी पाऊणच फिरते व गाडीचा पाऊण दमच मिळतो.

मग डिझेल फिल्टर. त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून कांचेच्या भांड्यांत थोडें डिझेल काढावें व तें कांहीं वेळ स्थिर ठेवावें. पाणी असल्यास तळाशीं वेगळें दिसतें. शेतावर पिंपांत डिझेल सांठविणाऱ्यांनीं हें पावसाळ्यांत वरचेवर करावें. रात्रीं गार झालेल्या अर्धवट पिंपांत दमट हवेचें पाणी धरतें, व पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतु वाढून चिकट शेवाळासारखा गाळ होतो. हा गाळ टाकीच्या जाळींत व फिल्टरांत बसला म्हणजे गाडी सपाटीवर चालते, पण चढावर डिझेलची मागणी वाढतांच उपाशी राहते.

टाकीच्या झांकणास हवा आंत येण्याची वाट असते. ती बुजली तर टाकींत ओढ निर्माण होऊन डिझेल येईनासें होतें. गाडी दमल्यावर झांकण उघडतांच 'सूं' असा मोठा आवाज झाला व नंतर गाडी कांहीं अंतर बरी चालली, तर दोष येथें आहे. नळीच्या ढिल्या जोडांतून हवा शिरल्यासही ओढ जाते. कारागीर यासच 'एअर पकडली' म्हणतात. फिल्टर ते पंप या मार्गावर पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडला तर बुडबुडे डोळ्यांनीं दिसतात.

कांहीं टर्बो इंजिनांच्या पंपावर एक चपटी डबी असते, व तिजकडे हवेच्या मार्गावरून एक बारीक नळी आलेली असते. हवेचा दाब वाढला कीं, त्या डबींतील पडदा पंपास अधिक डिझेल सोडावयास सांगतो. ही बारीक नळी चिरली अगर आंतील पडदा फाटला, तर टर्बो उत्तम असूनही इंजिनास वाढीव डिझेल मिळत नाहीं. काळा धूर नाहीं व ओढ नाहीं अशा गाडींत ही बारीक नळी अवश्य पाहावी.

पंप व इंजेक्टर यांस मात्र मालकानें हात घालूं नये. नॉझलांतून निघणारी डिझेलची फवार कातडी भेदून आंत शिरूं शकते, व ती जखम वरून लहान दिसली तरी शस्त्रक्रियेवांचून भागत नाहीं. नॉझल तपासणें हें योग्य यंत्र असलेल्या पंप-कारागिराचें काम होय.

धूर बाहेर जाण्याची वाट

आंत येणारी हवा व बाहेर जाणारा धूर यांचा मेळ असावा लागतो. सायलेन्सर आंतून तुटून बुजला, अगर पाइप दगडावर आपटून चेपला, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. उलट मॅनिफोल्ड व टर्बो यांमधील गॅसकेट फुटलें तर धुराचा जोर टर्बोस मिळण्यापूर्वींच बाहेर पडतो; अशा जागीं काजळीचा पट्टा उमटतो व भारावर टकटक ऐकूं येते. ई.जी.आर. व्हॉल्व्ह असल्यास तो काजळीनें उघडा अडकला नाहीं ना, तेंही पाहवून घ्यावें. वाहनांच्या गर्दींत तासचे तास मंद गतीनें रांगणाऱ्या गाडींत ही काजळी लवकर सांचते.

घाटांतील परीक्षा

इतकें करूनही दोष न सांपडल्यास अंदाज बाजूस ठेवून दाब मोजावा. टर्बोनंतरच्या हवेच्या नळीस दाबमापक जोडून त्याची नळी गाडींत घेतां येते. गाडींत नेहमींचा माल भरावा, इंजिन तापूं द्यावें, व चढावर एका ठराविक गिअरवर पायदान पूर्ण दाबून गाडी न्यावी. कांटा शेजाऱ्यानें वाचावा. चालविणाऱ्याची दृष्टि रस्त्यावरून हलूं नये. गायमुखचा घाट रहदारीनें भरलेला असल्यास तेथें हा प्रयोग करूं नये; आपल्या गांवचा कोणताही मोकळा चढ चालेल. मात्र दर वेळीं चढ, माल व गिअर तेच असावे. घोडबंदर रस्ता जवळ जवळ समुद्रसपाटीसच असल्यानें, सह्याद्रीच्या माथ्यावर हवा विरळ म्हणून गाडी थोडी दमते, ही सबब येथें चालावयाची नाहीं.

इंजिनाच्या पुस्तकांत दिलेला दाब हाच प्रमाण धरावा. आंकडा त्यास जुळला तर टर्बो आपलें काम करीत आहे. दोष नॉझल, पंपाची वेळ, टॅपेट अगर इंजिनाच्या कॉम्प्रेशनमध्यें शोधावा, व टर्बोवर एक पैसाही घालूं नये. आंकडा कमी आला आणि काळा धूरही असला तर हवेची गळती, ई.जी.आर. अगर टर्बो. आंकडा कमी व धूरही नाहीं, तर बहुशः डिझेलची उपासमार. एवढ्या एका मोजणीनें निम्मीं कारणें एकदम गळतात.

टर्बोची प्रत्यक्ष तपासणी

इंजिन बंद व पूर्ण थंड झाल्यावर फिल्टरकडील नळी काढून टर्बोचें चक्र बोटानें फिरवावें. तें हलकें फिरलें पाहिजे. दांडा बाजूंस किंचित् हलतो; तेल उतरलेलें असतां एवढें हलणें स्वाभाविक आहे. परंतु तो पुढें-मागें स्पष्ट सरकत असला, अगर चक्राचीं पातीं भिंतीस घांसल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बोचें आयुष्य संपलें. नळींत तेलाचा पातळ ओलावा दिसला म्हणून घाबरूं नये. इंजिनाच्या पोटांतील वाफेबरोबर थोडें तेल तेथें येतेंच. तेल थेंबाथेंबानें सांचत असेल तर मात्र कारागिरास दाखवावें, व तेल परत जाणारी नळी बुजली आहे काय तेंही विचारावें.

जादा दाब बाहेर सोडणारी झडप, जीस वेस्टगेट म्हणतात, ती उघडी अडकली तरी दाब चढत नाहीं. झडप सुटली अगर तिची दांडी नीट केली कीं, काम भागतें. सबंध टर्बो बदलण्याचें कारण राहत नाहीं.

नळी काढलेली असतां इंजिन चालूं करून टर्बोच्या तोंडाशीं हात अगर कापड नेणें अत्यंत धोक्याचें आहे.

नवा टर्बो घ्यावाच लागला, तर पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. जुना कशानें गेला ? टर्बोस तेल नेणारी बारीक नळी बदलली कीं तीच ठेविली ? हवेची नळी व इंटरकूलर यांतील तेल व धातूचे कण साफ केले काय ? या तिहींस समाधानकारक उत्तर न मिळाल्यास काम दुसरीकडे न्यावें. आणि टर्बो जुना असो वा नवा, तेल व तेलाचा फिल्टर वेळेवर बदलावा, सुरू करतांच इंजिन गरजवूं नये, व चढ चढून आल्याबरोबर बंद न करतां एकदोन मिनिटें मंद चालूं द्यावें. चक्र लाख फेऱ्यांवर असतां तेल बंद झालें तर दांडा कोरडा फिरतो, व उष्णतेनें तेथील तेल जळून कोळसा होतो.

इंजिन स्वतः व संगणकी गाड्या

हवा, डिझेल, धूर व टर्बो हीं चारही ठीक असून ओढ नसेल तर इंजिनाची झीज मानावी लागते. चालू इंजिनाचें तेलाचें झांकण सैल करून पाहतां वाफ जोरानें धापा टाकल्यासारखी येत असेल, तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा व कॉम्प्रेशन मोजवून घ्यावें.

कॉमन रेल इंजिनांत संगणकास कांहीं विपरीत दिसलें कीं, तो इंजिन वांचविण्यासाठीं शक्ति मुद्दाम कमी करतो, व समोर दिवा लागतो. किल्ली फिरवून पुन्हां सुरू करतां गाडी थोडा वेळ बरी चालते. अशी गाडी प्रथम स्कॅनरला लावावी. मात्र स्कॅनरनें दाखविलेला क्रमांक म्हणजे बदलावयाच्या भागाचें नांव नव्हे. 'दाब कमी' असा क्रमांक फुटक्या नळीनेंही येतो. या गाड्यांची डिझेलची नळी चालू इंजिनावर कधींही सैल करूं नये. तेथें हजार बारहून अधिक दाब असतो.

मालकानें ठेवावयाची वही

शेवटीं आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, गाडी निरोगी असतांनाच तिची नोंद करावी. आपल्या वाटेवरील एक चढ निवडावा. अमुक माल, अमुक गिअर, माथ्यावर पोंचतांना अमुक वेग, दाबमापक असल्यास अमुक दाब, असें दर हंगामाच्या आरंभीं वहींत लिहावें. शेजारीं तेल व फिल्टर बदलल्याच्या तारखा, डिझेलचा वापर व पी.यू.सी.चा आंकडा लिहावा. दम एका दिवसांत जात नाहीं. तो महिन्यामहिन्यानें उतरतो व आपणांस तेंच अंगवळणी पडतें. वही असली म्हणजे उतार आरंभींच दिसतो, आणि गॅरेजांत 'ओढत नाहीं' एवढेंच सांगण्याऐवजीं, 'याच चढावर तिसऱ्या गिअरवर गेल्या वर्षीं इतका वेग होता, यंदा इतका आहे, धूर नाहीं, फिल्टर नवा आहे' असें सांगतां येतें. इतक्या माहितीनिशीं आलेल्या मालकाचें काम चांगला कारागीर संतोषानें व कमी खर्चांत करतो. खरिपाची कापणी सुरू होण्यापूर्वीं एका सकाळीं ही तपासणी उरकून घ्यावी. माल भरल्यावर घाटांत ती करण्याची पाळी येऊं देऊं नये.